तीन गुण आणि रिकामी चौकट

मागच्या वर्षी एका ओपन सोर्स परिषदेसाठी मी पहिल्यांदाच रिव्ह्यूअर झाले. दहा दिवसांत ४० प्रपोजलं वाचायची, प्रत्येकाला ० ते ५ गुण द्यायचे. गुणांखाली कॉमेंटची चौकट होती, पण ती सक्तीची नव्हती. निम्म्याहून जास्त वेळा मी ती रिकामीच सोडली. म्हणजे आज ज्यांच्यावर टीका करणार आहे त्यांच्यात मीही आहे, हे आधीच सांगून टाकते.

तुम्ही म्हणाल, पीएचडीचा आणि याचा काय संबंध? संबंध असा, की तुमच्यापैकी बऱ्याच जणांचं पहिलं 'नाकारलं' हे पेपरचं नसेल, अशाच एखाद्या टॉकचं असेल. आणि ते मनाला लावून घ्यायचं की नाही, हे ठरवायला आतलं यंत्र कसं चालतं ते माहीत हवं.

आधी एक आकडा. मशीन लर्निंगच्या न्यूरिप्स परिषदेने (तेव्हाचं नाव निप्स) २०१४ साली स्वतःवरच एक प्रयोग केला. १६६ पेपर दोन वेगवेगळ्या समित्यांकडे दिले, एकीला दुसरीचं मत कळू न देता. सुमारे २६ टक्के पेपरांवर निकाल जुळला नाही. हे ऐकायला ठीक वाटतं, पण दुसऱ्या बाजूने बघा: एका समितीने घेतलेल्या पेपरांपैकी निम्म्याहून जास्त दुसरीने नाकारले होते. तिथे निदान पूर्ण पेपर हातात असतो. टॉक निवडताना आमच्या हातात असतो दोन-तीन परिच्छेदांचा ॲबस्ट्रॅक्ट, आणि वाचणारा नोकरी किंवा लॅब सांभाळून रात्री अकराला बसलेला. इथे नशिबाचा वाटा कमी असेल असं मानायला मला तरी कारण दिसत नाही.

माझी खरी तक्रार मात्र पुढच्या पायरीबद्दल आहे. गुण आले की यादी सरासरीने लावतात. प्रीटॅल्क्ससारख्या सॉफ्टवेअरमध्ये (हेही ओपन सोर्सच) सरासरीऐवजी मध्यकही निवडता येतो. आता ही दोन प्रपोजलं बघा. एकाला ३, ३, ३, ३, ३. दुसऱ्याला ५, ५, ३, १, १. सरासरी दोघांची ३, मध्यकही ३! यादीत दोघं शेजारी. पहिलं कुणालाच विशेष आवडलेलं नाही. दुसऱ्यावर भांडण व्हायला हवं होतं. स्टॅटिस्टिक्सच्या पहिल्या पेपरात प्रमाण विचलन काढणारे आपण, इथे मात्र विचलनाचा रकाना कुणी उघडत नाही. कडाक्याची चर्चा तिथेच व्हायला हवी, आणि वेळ संपतो तो नेमका त्याच्या आधी.

नावं झाकण्याबद्दलही थोडं. जेएसकॉन्फ ईयूने २०१२ साली नावं झाकून निवड केली आणि वक्त्यांमध्ये २५ टक्के स्त्रिया आल्या, हे उदाहरण सगळे देतात. त्याआधी आयोजकांनी स्वतःहून कितीतरी स्त्रियांना 'प्रपोजल पाठवा' म्हणून गळ घातली होती, हे मात्र कुणी सांगत नाही. ज्यांनी अर्जच केला नाही, त्यांना नाव झाकून काय फायदा?

शिवाय नाव झाकलं तरी इंग्रजी झाकत नाही. माझ्याकडे पर्जन्यमापकांच्या डेटातल्या चुका शोधणाऱ्या एका टूलवरचं प्रपोजल आलं होतं. वाक्यं तुटक, काळ चुकलेले. मी २ गुण दिले, चौकट रिकामी. निकालानंतर नावं उघडली, तेव्हा सहज रिपॉझिटरी बघितली. टेस्ट लिहिलेल्या, डॉक्युमेंटेशन नीट, इश्यूंना उत्तरं दिलेली. ते टूल आज माझ्या थीसिसच्या दुसऱ्या प्रकरणात आहे. मी कामाला नव्हे, निबंधाला गुण दिले होते.

याच्या उलट टोकाला ब्रसेल्सची फॉसडेम. तिथे प्रत्येक विषयाची डेव्हरूम असते आणि टॉक निवडतात ती त्या विषयात काम करणारी माणसंच. त्यांना काम कळतं, पण ओळखीचे चेहरे पुढे जाण्याचा धोकाही तिथेच. मला विचाराल तर पहिली फेरी नावं झाकून घ्या, आणि ज्यांच्या गुणांत मोठी तफावत आहे त्यांचा कोड दुसऱ्या फेरीत दोघा-तिघांनी उघडून बघा. सगळ्यांचा बघायची गरज नाही.

तोपर्यंत तुम्ही एक करा. नकार आला तर आयोजकांना मेल टाकून कॉमेंट मागा. लाजू नका, काही वेळा मिळतात. आणि प्रपोजलच्या पहिल्या दोन ओळींत टूल काय करतं ते लिहा, पार्श्वभूमी नंतर. अकरा वाजता वाचणाऱ्याची दया येऊ द्या.

यंदा मला पुन्हा बोलावणं आलंय. तीनपेक्षा कमी गुण दिले तर कॉमेंट सक्तीची करा, असं मी सुचवलं. उत्तर आलं, मग रिव्ह्यूअर मिळणार नाहीत. असेलही. मी कळवलंय, की प्रत्येक प्रपोजलला पाचाऐवजी तीनच रिव्ह्यूअर ठेवा, म्हणजे माझ्या वाट्याला ४० ऐवजी २४ येतील आणि लिहायला वेळ उरेल. त्यावर अजून काही आलेलं नाही.