वही भिजकीच का राहते?

अरुण कोलटकरांच्या ‘भिजकी वही’कडे जाणाऱ्या कवीचे मृत्युपत्र म्हणून पाहण्याची सवय अनेकांना आहे. मलाही होती. 1977च्या ‘अरुण कोलटकरच्या कविता’नंतर मराठीत मोठी शांतता, मग 2003 आणि 2004 या दोनच वर्षांत ‘भिजकी वही’, ‘चिरीमिरी’, ‘द्रोण’ आणि इंग्रजीतली दोन पुस्तके, 25 सप्टेंबर 2004 रोजी कर्करोगाने मृत्यू. तारखा अशा ओळीने लागल्या की निष्कर्ष आपोआप निघतो. पण तो फार तर प्रकाशनाच्या घाईला लागू पडतो. लेखन त्याआधी कित्येक वर्षे चालू होते.

माझी सवय अक्काने मोडली. तिचे शेवटचे महिने विष्णुपुरीत, आमच्याकडे गेले. दुपारी मी तिला वाचून दाखवत असे. मरणाशी समेट करायला हे पुस्तक तिच्या कामी येईल, असा माझा शहाणपणा. चार-पाच दिवस ऐकून ती म्हणाली, “ह्यात समदं बायांचंच रडणं हाय. लिहिणारा मरायलाय म्हणतूस, त्यो कुठंय?”

तो नाहीच. पतीच्या देहाचे तुकडे गोळा करणारी इसिस आहे, 415 साली जमावाने मारलेली हायपेशिया आहे, नापाममध्ये भाजलेली किम आहे. किमने स्वतः 1996 साली वॉशिंग्टनला जाऊन क्षमेची भाषा केली. तो तिचा अधिकार होता. वाचकाला तिच्या वतीने क्षमा करून मोकळे होता येत नाही, आणि कवीही स्वतःच्या दुखण्याची पावती दाखवून या बायांच्या रांगेत घुसत नाही. मला या पुस्तकातली सर्वांत मोठी सभ्यता हीच वाटते.

शीर्षकही तेच सांगते. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीतून कोरड्या वर आल्या, ही आपली परंपरेने जपलेली कथा. समेट म्हणतात तो असा. कोलटकर मात्र वही भिजकीच ठेवतात.

भिजलेली वही म्हणजे काय, हे गोदाकाठच्या माणसाला वेगळे सांगायला नको. घरात पाणी शिरले तेव्हा अक्काची ओव्यांची वही भिजली होती. माळवदावर वाळवली. पाने वाळली, पण फुगलेलीच राहिली, आणि शाई पाठच्या पानावर उतरली. आता एक ओवी वाचताना मागची उलटी दिसत राहते.