हक्काचं घर

धान निघालं की झाडीपट्टीत नाटकांचे दिवस येतात. ब्रह्मपुरीजवळच्या एका खेड्यात वडशाच्या एका मंडळीचा रात्रभराचा प्रयोग पाहिला. लावणी उगाच घुसडलेली, खलनायक नायकाऐवजी माइकलाच धमकावत होता. पण ‘मला हक्काचं घर हवं’ म्हणून नायिका रडली, तेव्हा मीही रुमाल काढला. मंडपामागेच कंपनीची गाडी उभी होती. दिवाळी ते होळी या मंडळींची निम्मी झोप तिच्यातच! गाडीचं कर्ज आमच्या शाखेचं, म्हणून मालकांना सुनावलं, “गाडीइतकं संहितेला जपा की!”

“साहेब, नाटक अडलं त प्रॉम्प्टर हाये. गाडी अडली त कोन हाये?”

उजाडलं तेव्हा नायिका रंग न पुसताच मागच्या सीटवर मुटकुळं करून झोपली होती.