वाचाऋण आणि मुक्ती: ‘अमृतानुभवा’तील आत्मविचार

‘अमृतानुभवा’विषयी मराठीत जे लेखन झाले आहे, त्याचा मोठा भाग एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिला आहे: ज्ञानदेव हे शंकराचार्यांचे अनुयायी, की स्वतंत्र चिद्विलासवादी? शं. दा. पेंडसे यांच्यासारख्या व्यासंगी अभ्यासकाने पहिला पक्ष निष्ठेने मांडला. नाथपरंपरा आणि काश्मीरचे शैवदर्शन यांच्याकडे बोट दाखवून दुसरा पक्षही तितक्याच हिरिरीने मांडला गेला. या वादाचे मोल नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्यातून ग्रंथ कोणत्या दालनात ठेवावा एवढेच ठरते. ग्रंथ वाचकाला कोठे नेऊन सोडतो, हा प्रश्न तसाच राहतो. आणि जो ग्रंथ मुक्तीविषयी बोलतो, त्याच्या बाबतीत हाच प्रश्न अगोदर विचारला गेला पाहिजे.

इ. स. १२९० मध्ये गीतेवरील टीका पूर्ण झाल्यानंतर निवृत्तिनाथांच्या आज्ञेवरून ज्ञानदेवांनी हा ग्रंथ रचला, असे परंपरा सांगते. दहा प्रकरणे, आठशेच्या आसपास ओव्या. येथे आधाराला मूळ संहिता नाही, कृष्णार्जुनांसारखे श्रोते-वक्ते नाहीत, कथेचा तर मागमूसही नाही. केवळ विचार आणि दृष्टान्त यांच्या बळावर एवढी मोठी रचना उभी राहते.

अद्वैताची रूढ मांडणी सर्वपरिचित आहे. ब्रह्मसूत्रभाष्याच्या प्रारंभीच शंकराचार्यांनी अध्यासाचे स्वरूप सांगितले. आत्मा आणि अनात्मा यांची परस्परांवर सरमिसळ होते, ती अविद्या, विचाराने विवेक उपजतो आणि अविद्या नाहीशी होते. मुक्ती म्हणजे नवे काही मिळणे नव्हे, भ्रम जाणे. ही मांडणी निर्दोष वाटते. ज्ञानदेवांची शंका हिच्या शेवटच्या पायरीवर उभी राहते. भ्रम घालवणारे जे ज्ञान, त्याचे पुढे काय होते?

तिसऱ्या प्रकरणाचा हाच विषय आहे. परा, पश्यंती, मध्यमा आणि वैखरी या चार वाचा जीवाला हाका मारून जागे करतात. तेव्हा जीव त्यांचा ऋणी झाला. हे ऋण फिटते कसे? ज्ञानदेव म्हणतात, जागे होऊन ते फिटत नाही, कारण ते जागेपणही एक प्रकारची झोपच आहे. लाकूड जळते, पण अग्नीच्या रूपाने उरते. मीठ पाण्यात विरते, पण चवीच्या रूपाने उरते. झोप मोडते, ती जागृती होऊन बसते. त्याचप्रमाणे अज्ञानाबरोबर मेलेल्या वाचा ज्ञानाच्या रूपाने पुन्हा उठतात. म्हणजे ‘मी बद्ध होतो, आता मुक्त झालो’ असे म्हणणाऱ्या साधकाने केवळ सावकार बदलला. कर्ज होते तेवढेच आहे. या ठिकाणी ज्ञानदेव ज्ञानाला बंधन म्हणणाऱ्या शिवसूत्राचा आधार घेतात आणि सत्त्वगुण ज्ञानाच्या आसक्तीने बांधतो, या गीतेतील श्रीकृष्णाच्या सांगण्याचेही स्मरण देतात. अखेर ऋणमुक्तीचे श्रेय ते निवृत्तिनाथांना देतात. आधुनिक वाचकाला ही पळवाट वाटण्याचा संभव आहे. मला ती तशी वाटत नाही. विचार आपल्या बळावर आपल्यातून बाहेर पडू शकत नाही, हे येथपर्यंत विचारानेच सिद्ध झालेले असते.

येथे एका तमिळ ग्रंथाशी तुलना उद्बोधक ठरेल. रमण महर्षी (१८७९–१९५०) यांनी १९०१–०२ च्या सुमारास शिवप्रकाशम् पिळ्ळै यांच्या प्रश्नांना जी लिखित उत्तरे दिली, त्यांतून ‘नान् यार्?’ ही छोटी पुस्तिका सिद्ध झाली आणि १९२३ मध्ये प्रसिद्ध झाली. ‘मी कोण?’ हा विचार इतर सर्व विचारांचा नाश करतो आणि चिता ढोसणाऱ्या काठीप्रमाणे शेवटी स्वतःही जळून जातो, असे तेथे सांगितले आहे. दोन्ही ठिकाणी लाकूड आणि अग्नी हीच सामग्री आहे, परंतु तिचा विनियोग अगदी उलट आहे. महर्षींना काठीचे जळणे पुरेसे वाटते. ज्ञानदेवांची नजर काठी जळाल्यावर उरलेल्या विस्तवावर आहे. महर्षी साधकाला मार्ग दाखवीत आहेत आणि मार्ग दाखवणाऱ्याने विस्तवाची चिंता करू नये, हेही खरेच. ज्ञानदेव मार्ग दाखवीत नाहीत. मार्गाच्या कल्पनेतच जे द्वैत लपून राहते, ते उघडे करणे हे त्यांचे कार्य आहे.

म्हणूनच सहाव्या प्रकरणात शब्दाची आधी मनापासून स्तुती येते आणि मग त्याचे खंडन होते. शब्द हा निराकाराचा आरसा. पाहणाऱ्याने आरशात पाहिले तर नवल नाही, हा आरसा न पाहणाऱ्यालाही पाहता करतो. विसरलेल्याची आठवण करून देणे ही शब्दाची कीर्ती. पण आत्म्याला स्वतःचा विसर पडलाच नसेल, तर आठवण कोणाला द्यायची? आणि अविद्या मुळात नसेल, तर शब्दाने मारायचे कोणाला? एका कवीने शब्दाचा असा गौरव करून त्याला असा निरोप द्यावा, हे भारतीय साहित्यात विरळा आढळते.

सातवे प्रकरण अज्ञानखंडनाचे. अज्ञान आत्म्याच्या ठिकाणी असते, तर त्याने आश्रयालाच अज्ञ करून सोडले असते; मग ‘अज्ञान आहे’ हे जाणले कोणी? दर्शनशास्त्राच्या अभ्यासकाला येथे रामानुजाचार्यांच्या श्रीभाष्यातील सप्तविध अनुपपत्तींची, विशेषतः आश्रयाच्या अनुपपत्तीची, आठवण झाल्यावाचून राहणार नाही. मात्र जे शस्त्र रामानुजांनी केवलाद्वैताच्या खंडनासाठी उपसले, त्याच जातीच्या शस्त्राने ज्ञानदेव अद्वैत अधिक निखळ करतात. अविद्येचा आश्रय जीव की ब्रह्म, यावर भामती आणि विवरण या प्रस्थानांत जो दीर्घ वाद चालला, त्याची जमीनच त्यामुळे नाहीशी होते. गौडपादांनीही बद्ध, मुमुक्षू, मुक्त या भेदांना परमार्थात स्थान ठेवले नव्हते. तेव्हा ही भूमिका अभूतपूर्व आहे असे नव्हे. अभूतपूर्व आहे तो तिचा देशी भाषेतील निःशंक सूर.

तथापि या प्रकरणाविषयी एक आक्षेप नोंदवणे आवश्यक आहे. जे नाहीच, त्याच्या खंडनासाठी ग्रंथातील सर्वाधिक, म्हणजे जवळजवळ तीनशे ओव्या खर्ची पडल्या आहेत. युक्तिवादाचा पहिला घाव पुरेसा असताना दृष्टान्तामागून दृष्टान्त येत राहतात आणि काही ठिकाणी वाचक थकतो. उलट ज्ञानखंडनाचे आठवे प्रकरण वीसेक ओव्यांत आटोपते. याहून गंभीर आक्षेप असा की, दुःखाने गांजलेल्या मनुष्यास ‘तुझे अज्ञान कधी नव्हतेच’ असे सांगितल्याने त्याच्या दुःखाचा उलगडा होत नाही. ग्रंथात याला सरळ उत्तर नाही, आणि टीकाकारांनी ते ओढूनताणून काढू नये. जे आहे ते नवव्या प्रकरणात, पण तेथे उत्तराऐवजी एका वृत्तीचे दर्शन घडते. एकाच डोंगरातून देव, देऊळ आणि देवाचा परिवार कोरावा, तसा भक्तीचा व्यवहार अद्वैतात का होऊ नये, असे ज्ञानदेव विचारतात. लेण्यांच्या प्रदेशात राहणाऱ्या कवीलाच ही प्रतिमा सुचावी. येथील मुक्त पुरुष जग सोडून जात नाही. त्याचे पाहणे, बोलणे, चालणे हे सर्व त्याच पाषाणातले कोरीव काम होते.

दहाव्या प्रकरणात, आपण नवे काही सांगितले नाही, जे स्वयंसिद्ध होते तेच बोललो, असे ज्ञानदेव म्हणतात. अन्य भारतीय भाषांत हा ग्रंथ नेणाऱ्या अनुवादकांसमोर येथे एक बारीक पेच उभा राहतो. परंपरेने चालत आलेल्या प्रकरणनावांत तिसरे ‘वाचाऋणपरिहार’ आहे आणि दहावे ‘ग्रंथपरिहार’. ‘ऋण’ हा शब्द बहुतेक भाषांत आयता सापडेल. ‘परिहार’ या शब्दाला मात्र ‘फेड’ हा पर्याय चालणार नाही, कारण फेडणारा आणि देणेकरी दोघेही शिल्लक राहिले, तर तिसऱ्या प्रकरणातील सारा युक्तिवादच अनुवादातून गळून पडेल.