‘कामावरून काढणे’ : समानार्थी इंग्रजी क्रियापदांच्या निवडीची एक चिकित्सा

समानार्थी भासणाऱ्या इंग्रजी क्रियापदांचा विचार आपल्याकडे बहुधा शालेय अध्यापनाच्या अंगानेच झालेला आहे. ‘से’ कोठे व ‘टेल’ कोठे, ‘सी’ व ‘लुक’ यांत भेद कोणता, हे प्रश्न तर्खडकरांच्या भाषांतरपाठमालेवर वाढलेल्या अनेक पिढ्यांनी सोडविले. तेथे निवड चुकली तर फार तर गुण जातात. परंतु परळ–लालबागच्या गिरणगावात क्रियापदांचा असा एक समूह वावरत होता की ज्यातील निवडीवर कामगाराच्या हाती पडणारी रक्कम अवलंबून असे. ‘डिसमिस’, ‘डिस्चार्ज’, ‘रिट्रेंच’ व ‘ले-ऑफ’ ही ती क्रियापदे होत. बोली मराठीत या चौघांची बोळवण ‘कामावरून काढले’ या एकाच प्रयोगाने होते. ही बोळवण कितपत ग्राह्य आहे व मराठीजवळ याहून सरस साधन आहे काय, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रथम व्युत्पत्ती पाहू. ‘डिसमिस’च्या मुळाशी लॅटिनमधील ‘दूर धाडणे’ हा अर्थ आहे, ‘डिस्चार्ज’च्या मुळाशी ‘ओझे उतरविणे’ हा, तर ‘रिट्रेंच’ फ्रेंचमधील ‘कापून टाकणे’ या अर्थाच्या धातूवरून आले आहे. आपल्याकडील ‘बडतर्फ’ हा शब्द फारसी असून ‘एका बाजूस’ असा त्याचा मूलार्थ आहे. ‘कपात’ शब्दात तर ‘कापणे’ स्पष्टच ऐकू येते. परंतु व्युत्पत्ती शब्दाचे कुळ सांगते, वर्तन सांगत नाही. ‘डिस्चार्ज’चेच पाहा. परळच्या के. ई. एम. रुग्णालयात रोग्याला ‘डिस्चार्ज मिळतो’ आणि घरची मंडळी आनंदाने न्यावयास येतात. शेजारच्या गिरणीत कामगाराला ‘डिस्चार्ज दिला’ की घरात चूल पेटण्याची चिंता सुरू होई. ओझे दोन्हीकडे उतरले. प्रश्न एवढाच की ते कोणाचे होते. मराठीने ‘मिळणे’ व ‘देणे’ या क्रियापदांच्या योजनेने हा भेद किती सहज दाखविला आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

कायद्याने हे भेद व्याख्येने बांधले. मुंबईच्या गिरण्यांना १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा लागू होता; तथापि ले-ऑफ व रिट्रेंचमेंट यांसंबंधीचे हक्क १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात १९५३ साली घातलेल्या प्रकरणानुसार ठरत. कोळसा, वीज वा कच्चा माल यांचा तुटवडा पडला, माल साचला किंवा यंत्र बिघडले, आणि त्यामुळे हजेरीपटावरील कामगाराला मालक काम देऊ शकला नाही, तर तो ‘ले-ऑफ’. त्यात नाव पटावर राही आणि मूळ वेतन व महागाईभत्ता यांच्या निम्मी भरपाई मिळे. ‘रिट्रेंच’ केल्यास एक महिन्याची नोटीस अथवा तितके वेतन आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागे. गैरवर्तणुकीच्या शिक्षेदाखल ‘डिसमिस’ केलेल्यास ही भरपाई नसे. या इंग्रजी कायद्याने गिरणीतील ‘बदली’ हा शब्द मात्र जसाच्या तसा उचलला; त्या संस्थेला इंग्रजीत सोयीचे नाव नव्हते, हाच त्याचा अर्थ.

व्याख्या झाली म्हणजे वाद मिटला, असे मात्र घडले नाही, आणि भाषेच्या अभ्यासकास खरा रस येथेच आहे. बार्शी लाइट रेल्वे कंपनीचा कारभार १ जानेवारी १९५४ पासून सरकारकडे गेला, तेव्हा कंपनीने आदल्या दिवसापासून कामगारांची सेवा संपुष्टात आणली. हे ‘रिट्रेंच’ करणे होय काय? व्याख्येत ‘कोणत्याही कारणास्तव’ सेवासमाप्ती, शिक्षा वगळून, असे व्यापक शब्द होते. मुंबई उच्च न्यायालयाने कामगारांचे म्हणणे मान्य केले. सर्वोच्च न्यायालयाने २७ नोव्हेंबर १९५६ रोजी ते अमान्य केले : रिट्रेंचमेंट म्हणजे चालू धंद्यातील अतिरिक्त कामगार कमी करणे, धंदाच संपला तर शब्दाचा तो रूढ अर्थ उरत नाही. संसदेने १९५७ मध्ये हस्तांतर व बंदी या प्रसंगांसाठी स्वतंत्र कलमे घालून ती उणीव भरून काढली. पुढे १९७६ साली स्टेट बँक विरुद्ध सुंदर मनी या खटल्यात त्याच न्यायालयाने व्याख्येतील शब्दांचा व्यापक अर्थ स्वीकारला व १९९० मध्ये घटनापीठाने त्याला दुजोरा दिला. एकच शब्द, एकच व्याख्या, आणि वाचनाच्या दोन पद्धती : एक शब्दाच्या रूढीकडे पाहणारी, दुसरी वाक्याच्या घटनेकडे पाहणारी. साहित्यसमीक्षेत ज्यास आपण अर्थनिर्णयाचा प्रश्न म्हणतो, तोच येथे भरपाईच्या रकमेत उतरला होता.

आता मराठीकडे वळू. मोल्सवर्थ व कँडी यांचा इंग्रजी–मराठी कोश १८४७ साली मुंबईत झाला. त्या परंपरेतील मोठ्या कोशांनी प्रयोगांची नोंद घेण्याचे कष्ट घेतले. पुढील शालोपयोगी छोट्या कोशांत बहुधा प्रतिशब्दांची ओळ तेवढी उरली. एका शब्दासमोर चार शब्द मांडले की विद्यार्थी पहिला उचलतो. नंतरच्या परिभाषेने ‘बडतर्फी’, ‘निलंबन’, ‘सेवामुक्ती’, ‘कपात’ अशी नामे स्थिर केली, हे उपकारकच झाले. परंतु नामासमोर नाम ठेवण्याच्या या पद्धतीचा दोष असा की, मराठीचे भेद दाखविण्याचे मुख्य साधन नामात नसून सहायक क्रियापदात आहे, याकडे तीत दुर्लक्ष होते.

गिरणगावात सर्वत्र ऐकू येणारे ‘गिरणी बंद’ हे शब्द घ्या. गिरणी बंद पडली, बंद ठेवली, बंद केली, बंद पाडली, ही चार वाक्ये चार निराळ्या घटना सांगतात. ‘पडली’ म्हणताच कर्ता नाहीसा होतो. ‘ठेवली’ म्हणताच कोणीतरी ती स्थिती टिकवून धरली आहे व ती पालटू शकते, हे सूचित होते. कायद्यातील ‘लॉक-आउट’ याच्या जवळ आहे. ‘केली’ हे ‘क्लोज’, आणि ‘पाडली’ यात दुसऱ्यावर ठपका आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतरच्या काळाविषयी मराठी लेखनात ‘गिरण्या बंद पडल्या’ हाच प्रयोग सर्रास आढळतो. छप्पर कोसळावे तशा त्या आपोआप पडल्या, असा अर्थ या वाक्यातून नकळत निघतो आणि ‘कोणी बंद केल्या’ हा प्रश्न व्याकरणातच विरून जातो. इतिहासलेखकाने व अनुवादकाने येथे अधिक सावध राहावयास हवे.

हेच साधन मूळ समूहास लावता येते. ‘ले-ऑफ’साठी ‘बसवून ठेवणे’ : ‘ठेवणे’मध्ये परतीची वाट उघडी आहे. ‘रिट्रेंच’साठी ‘कमी करणे’ : येथे संख्येचा विचार आहे, दोषाचा नाही. ‘डिसमिस’साठी ‘काढून टाकणे’ : ‘टाकणे’मध्ये अव्हेर आहे. ‘डिस्चार्ज’साठी ‘मोकळे करणे’. यांतील एकही प्रयोग नवा घडवावा लागत नाही.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, कामगाराच्या दृष्टीने पगार थांबला हेच सत्य असल्याने ‘काढले’ हा शब्द पुरेसा आहे. संभाषणापुरते हे मान्य करावयास हरकत नाही; परंतु अर्ज व तक्रार यांत तो शब्द कामगाराचाच हक्क झाकतो, कारण वाचणारा त्यातून शिक्षेचाही अर्थ काढू शकतो. दुसरा आक्षेप असा की, इंग्रजी शब्दच ठेवावेत म्हणजे घोटाळा टळेल. तो टळत नाही. आजच्या वृत्तपत्रांत संगणक कंपन्यांच्या कायमच्या कर्मचारीकपातीला अमेरिकी वळणाने ‘ले-ऑफ’ म्हटले जाते. १९४७ च्या कायद्याप्रमाणेच २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही ले-ऑफ व रिट्रेंचमेंट यांच्या व्याख्या वेगळ्या आहेत. उसना शब्द दोन अर्थ घेऊन येतो आणि कोणता घेतला हे सांगत नाही.

तात्पर्य, समानार्थी क्रियापदांची निवड शिकविताना प्रतिशब्दांच्या यादीऐवजी तीन प्रश्न विचारावेत : कर्ता कोण, कारण कोणते, आणि परतीची वाट आहे की नाही? पदव्युत्तर वर्गात अनुवादाचा अभ्यास करणाऱ्यांनी गिरण्यांच्या नोटिसा, संघटनांची पत्रके व न्यायनिर्णय यांतील एकेक क्रियापद या कसोटीवर घासून पाहावे. मराठी दरिद्री आहे ही समजूत त्या अभ्यासात फार काळ टिकणार नाही.