विडीधंद्याचा इतिहास : आंकडा आणि साक्ष

भंडारा म्हटलें कीं संशोधकाची दृष्टि प्रथम रतनपूरच्या शिलालेखाकडे वळते. कलचुरि संवत् 866, म्हणजे इ. स. 1114 च्या त्या लेखांत पहिल्या जाजल्लदेवास वार्षिक कर देणाऱ्या मंडळांत भाणाराचा उल्लेख आहे. तो आम्हीं अक्षर अक्षर लावून वाचला. परंतु ज्या विडीधंद्यानें या जिल्ह्यांतील असंख्य घरांची चूल पेटती ठेवली, त्याच्या कागदांकडे मात्र आम्हीं तशा नजरेनें पाहिलें नाहीं. प्रस्तुत टिपण त्याविषयीं आहे.

व्यापारउदीमाच्या अभ्यासांत दोन रीति मानितात : संख्यात्मक व गुणात्मक. पहिली मोजते, दुसरी विचारते. पहिलीचे अभिमानी दुसरीस गप्पा म्हणतात, तर दुसरीचे अभिमानी पहिलीस निर्जीव बेरीज ठरवितात. आमच्या मतें, अस्सल कागद खरा कीं बखर खरी, या आमच्याच जुन्या वादाचें हें दुसरें रूप होय.

या प्रदेशांत दोन्ही रीतींचा उपयोग पूर्वींच झाला आहे. 1939 सालीं मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारच्या औद्योगिक पाहणी समितीनें जे. सी. कुमारप्पा यांच्या अध्यक्षतेखालीं 606 गांवांची पाहणी केली. कुमारप्पा हिशेबतपासणीच्या विद्येंत तयार झालेले; त्यांचा उद्योग सामान्य नव्हे. तथापि ग्रामोद्योगांचा कैवार त्यांनीं पाहणीपूर्वींच घेतला होता. म्हणून प्रत्येक निष्कर्षापाशीं थांबून, हें गांवानें सांगितलें कीं पाहणारानें गांवांत नेलें, असें विचारणें प्राप्त आहे. पुढें द. वि. रेगे यांच्या अध्यक्षतेखालील मजूरचौकशी समितीचा विडी, सिगार व सिगारेट या धंद्यांवरील अहवाल 1946 सालीं प्रसिद्ध झाला. सर्व देशासाठीं लिहिलेल्या अहवालांत एका घराचा वृत्तांत सांपडावा, ही अपेक्षा अर्थातच चुकीची ठरेल.

आतां सट्टेदाराची वही घ्या. मजुरी हजारीं ठरलेली. समजा, एका बाईनें हजार विड्या आणल्या आणि पन्नास छाट म्हणून काढल्या. वहींत साडेनऊशेंची मजुरी पडेल. वही खोटी नाहीं, बेरीजहि बिनचूक आहे. परंतु पन्नास विड्यांचे श्रम तींत मुळींच उतरले नाहींत. शिवाय नांव एकीचें असलें तरी पान कापणारी सासू व दोरा बांधणारें पोर निराळें असतें. एकंदर विड्यांस नांवांच्या संख्येनें भागणारा अभ्यासक एका बाईस चार हात देऊन बसतो. या दोन्ही गोष्टी विचारल्याशिवाय कळावयाच्या नाहींत. छाट ही केवळ तोंडची तक्रार नव्हती, हें 1966 च्या विडी व सिगार कामगार कायद्याखालील नियमांनीं तिला मर्यादा घातली यावरून उघड होतें.

मोजणाराची चूक किती दूर जाते, तें याच प्रांताच्या एका कायद्यांत दिसतें. शेतीच्या हंगामांत मजूर मिळावे म्हणून 1948 सालीं त्या मोसमांत विडी वळण्यास बंदी करण्याचा अधिकार सरकारनें घेतला. हात मोजले, ते सर्व शेतीचे धरले. सागर जिल्ह्यांतील बंदीचा वाद चिंतामणराव खटल्यांत सर्वोच्च न्यायालयापुढें आला. अपंग, मुलें, वृद्ध स्त्रिया असे शेतीस न जाणारेहि या बंदीनें पोट गमावतात, हें ओळखून न्यायालयानें 1950 सालीं ती अवाजवी ठरविली. गणनेंत जी माणसें सारखीं दिसलीं, तीं चौकशींत निरनिराळीं निघालीं.

यावरून साक्षच सर्वस्व असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. चाळीस वर्षांनंतर सांगणारी बाई वाईट हप्ता नेमका स्मरते आणि बरे हप्ते विसरते. रोवणीच्या दिवसांत विचारिलें तर विडी जोडधंदा ठरेल, इतर वेळीं विचारिलें तर मुख्य धंदा. तेथें सालभराच्या वहीनेंच साक्षीस लगाम बसतो.

तेव्हां संग्राहकांस आमची विनंति स्पष्ट आहे. भंडारा आणि 1999 सालीं त्यांतून वेगळा झालेला गोंदिया, या दोन्ही जिल्ह्यांत सट्टेदारांच्या वह्या, मजुरांचीं कार्डें, पानाच्या व तंबाखूच्या वांटपाच्या याद्या सांपडतील तेथून, रद्दींत जाण्यापूर्वीं, घ्याव्या. खातें मराठी असो वा गुजराती. वही मिळाली कीं त्याच गांवीं विडी वळलेल्या वृद्ध स्त्रियांचें कथन, तारीख व स्थळ नोंदून, तिच्याशेजारीं लिहून ठेवावें. दोहोंत जेथें मेळ बसणार नाहीं तेथें दुरुस्ती करूं नये; तो विरोध जसाचा तसा छापावा. वही लिहिणारा एक आणि विडी वळणारी दुसरी. आजवर पहिल्याचेंच अक्षर आमच्यापर्यंत आलें आहे, आणि दुसरीस विचारण्याचे दिवस थोडे उरले आहेत.