लिहिताना तुटतं, बोलताना नाही

नॉर्वेत शुद्धलेखनाचा विषय निघाला की एक विनोद हटकून येतो. ‘लाम्मेलोर’ म्हणजे कोकराची तंगडी. दुकानाच्या पाटीवर मध्ये जागा सोडून ‘लाम्मे लोर’ लिहिलं, की अर्थ होतो ‘लुळ्या मांड्या’. लोक हसतात, आणि इंग्रजीमुळे भाषा बिघडली म्हणतात. सामासिक शब्द असे तोडून लिहिण्याला तिकडे ‘सॅरस्क्रीविंग’ म्हणतात. या टीकेवर आमचा आक्षेप एवढाच, की ती पाटी वाचते, बोलणं ऐकत नाही.

आता ऐकू या. नॉर्वेजियनमध्ये आघात पडलेलं अक्षर जड असावं लागतं. एक तर त्यातला स्वर लांब, नाही तर पुढचं व्यंजन लांब. ‘ताक’ म्हणजे छप्पर (आपलं पिण्याचं नव्हे!) आणि ‘ताक्क’ म्हणजे आभार. शब्द सुटे असले, की ‘लाम्मे’ला त्याचा आघात आणि सूर, ‘लोर’ला त्याचा. समास झाला की मुख्य आघात पहिल्या पदावर, आणि सगळ्या शब्दाला मिळून सूर एकच. दुसऱ्या पदाचा सूर जातो, जडपणा मात्र जात नाही. ‘लोर’मधला स्वर लांबच राहतो, दुय्यम आघात घेऊन. म्हणजे पाटी कशीही असो, गिऱ्हाइकानं तोंडानं मागितलं की घोटाळा होत नाही.

मग जोडून लिहिलं की सगळं कळतं का? तर तेही नाही. ‘नात्त’ म्हणजे रात्र, ‘तोग’ म्हणजे आगगाडी. दोन्ही जोडले की तीन ‘त’ एकत्र येतात. नियमानं दोनच लिहायचे. पदांचा सांधा कुठे, ते लिपीत पुसलं जातं. उलट ‘वीनग्लास’, म्हणजे वाइनचा पेला, यात मध्ये काही नाही; पण पांढऱ्या वाइनचा पेला ‘वीतवीन्सग्लास’ होतो. तो मधला ‘स’ सांगतो, की आधी ‘वीत’ आणि ‘वीन’ जोडले गेले, पेला नंतर आला. सूर तर लिपीत कुठेच दिसत नाही.

यात नुकसान होतं ते नव्यानं भाषा शिकणाऱ्याचं. ऑस्लोत गेलेल्या मराठी माणसाचंच घ्या. आघातावरून अर्थ ठरवायची आपल्या कानाला सवय नाही. ‘देवघर’ एक शब्द आहे हे कळायला आपल्याला आघात लागत नाही. तो दोन्ही पदांवर सारखाच जोर देतो, आणि ऐकणाऱ्याला दोन शब्द ऐकू येतात. त्याला ‘जोडून लिही’ एवढंच सांगणं म्हणजे कारण न सांगता नियम पाठ करायला लावणं.

नियम चुकीचा आहे असं आम्ही म्हणत नाही. एक मुख्य आघात, एक सूर, म्हणून एक शब्द. नियमामागचं कारण हेच आहे. ते सांगून शिकवलं, तर पाटीही सुधारेल आणि बोलणंही. नुसतं हसून दोन्ही सुधारत नाहीत.