थळचा युरिया आणि पॉस यंत्र : एक चिकित्सा

प्रास्ताविक : अलिबाग तालुक्यातील थळ येथे राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सच्या कारखान्यात १९८५ पासून युरियाचे उत्पादन होत आहे. या युरियाची विक्री आता सॉफ्टवेअरवर अवलंबून आहे. खत अनुदानाच्या थेट लाभ हस्तांतरणासाठी निवडलेल्या प्रायोगिक जिल्ह्यांत रायगडचा समावेश होता. मार्च २०१८ पर्यंत ही पद्धत देशभर लागू झाली.

विवेचन : पूर्वी खत जिल्ह्यात पोहोचताच कंपनीस बहुतांश अनुदान मिळत असे. नव्या पद्धतीत विक्रेत्याने खरेदीदाराची ओळख पटवून पॉस यंत्रावर विक्री नोंदविल्यानंतरच ते मिळते. म्हणजेच सॉफ्टवेअर ही येथे केवळ हिशेबाची वही नसून व्यवहाराची अट आहे. प्रथम निवडक जिल्हे व नंतर एकेक राज्य हा क्रम योग्यच होता. तथापि, अनेक भाषांची सोय असलेली ३.० आवृत्ती व संगणकावर चालणारा पर्याय जुलै २०१९ मध्ये आला. भाषा व साधन या विक्रेत्याच्या प्राथमिक गरजा होत. प्रायोगिक टप्प्याचा हेतूच अशा उणिवा आधी उघड करणे हा असतो. शिवाय जुलै म्हणजे कोकणात भातलावणीचे ऐन दिवस.

निष्कर्ष : नवी आवृत्ती हंगामापूर्वी देणे, दुकानातील प्रत्यक्ष गर्दीत तिची चाचणी घेणे आणि बिघाड झाल्यास मागील आवृत्तीवर परतण्याची सोय ठेवणे ही पथ्ये अशा सेवांसाठी अनिवार्य मानली पाहिजेत. सर्व्हर सुरू होईपर्यंत विक्रेता थांबू शकतो. शेतातील भात थांबत नाही.